सेगावचा पाहुणा आणि कृपेचा प्रश्न

१९३६च्या नोव्हेंबरात जॉन आर. मॉट नावाचे एकाहत्तर वर्षांचे अमेरिकन गृहस्थ वर्ध्याहून सेगावला गेले. आज ज्याला आपण सेवाग्राम म्हणतो ते गाव तेव्हा सेगावच होतं. नाव बदललं १९४० मध्ये. वर्ध्यापासून पाचेक मैल, रस्ता कच्चा, पावसाळ्यात काळ्या मातीचा नुसता राडा. गांधी एप्रिलअखेरीस तिथे राहायला आले आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांना हिवतापाने गाठलं. सप्टेंबरात वर्ध्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात भरती करावं लागलं. बरे होऊन परतल्यावर त्यांच्याकडे पाहुण्यांची रीघ पुन्हा सुरू झाली, आणि त्यात मॉट होते.

मॉट म्हणजे कुणी गावोगाव पत्रकं वाटत हिंडणारा पाद्री नव्हे. जगभरच्या वायएमसीएचे ते पुढारी. १९१० साली एडिंबरोत प्रॉटेस्टंट मिशनांची जी जागतिक परिषद भरली, तिचे अध्यक्ष तेच. पुढे १९४६ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, जे गांधींना कधीच मिळालं नाही. दोघांची ओळख जुनी होती, मनं स्वच्छ होती. तरी त्या दिवशीचं बोलणं सोपं नव्हतं, कारण त्या भेटीवर तिसऱ्याच एका माणसाची सावली होती.

वर्षभरापूर्वी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यात डॉ. आंबेडकरांनी सांगून टाकलं होतं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मे १९३६च्या अखेरीस मुंबईत महार परिषद भरली आणि धर्मांतराचा ठराव झाला. मग काय, सगळ्या धर्मांची माणसं कामाला लागली. शीख आले, मुसलमान आले, बौद्ध आले. ख्रिस्ती मिशनांना तर वाटलं, हीच ती घटका. त्यांच्या हाताशी ताजा अभ्यासही होता. जे. वॉस्कम पिकेट यांचं भारतातल्या सामुदायिक ख्रिस्ती धर्मांतरांवरचं पुस्तक १९३३ साली आलं होतं. एकेकटा माणूस येत नाही, जातच्या जात येते, हे त्यात गावोगावची पाहणी करून दाखवलं होतं.

मॉट यांचा प्रश्न समजून घ्यायचा तर ख्रिस्ती मंडळी ज्याला कृपा म्हणतात ती काय हे आधी पाहावं लागेल. मराठी माणसाला कृपा नवी नाही. वारकऱ्याला विचारा, तो सांगेल की पांडुरंगाने केलं म्हणून झालं. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो असं ते म्हणत राहिले, ते काही उगाच नाही. पण पौलाच्या पत्रांतून, आणि पुढे ल्यूथरपासून प्रॉटेस्टंट पंथांतून जी शिकवण आली तिचा कस वेगळा आहे. ती म्हणते, माणसाच्या नावावर जमेला काहीच नाही. पुण्य नाही, तप नाही, व्रत नाही. आहे ते सगळं कर्ज. ते ख्रिस्ताने वधस्तंभावर स्वतःच्या जिवाने फेडलं. सावकाराने वही पुढ्यात ठेवून सगळा हिशोब फाडून टाकावा, आणि कुळाने नुसतं 'घेतलं' म्हणावं, तसं हे. घेणाऱ्याने फक्त विश्वास ठेवायचा. मग जुना माणूस मेला, नवा जन्मला. चांगली कर्मं त्यानंतर येतात, अट म्हणून आधी लागत नाहीत.

या शिकवणीशी गांधींची गाठ तेचाळीस वर्षांपूर्वीच पडली होती. १८९३ साली प्रिटोरियात ए. डब्ल्यू. बेकर नावाच्या वकिलाच्या आणि त्याच्या ख्रिस्ती मित्रांच्या संगतीत ते होते. तिथे प्लिमथ ब्रदरेन पंथाचा एक गृहस्थ त्यांना भेटला. तो म्हणाला, तुम्ही आयुष्यभर चुका सुधारत बसणार, त्या कधी संपायच्या नाहीत. आम्ही आमचा भार येशूवर टाकला, आम्ही मोकळे. गांधींनी आत्मकथेत हा प्रसंग लिहिला आहे आणि आपलं उत्तरही. पापाच्या फळापासून सुटका मला नकोच आहे, मला पापापासूनच सुटायचं आहे. त्या गृहस्थाने पुढे जाणूनबुजून गैर वागून दाखवलं आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही हेही सांगितलं. तरुण बॅरिस्टरच्या मनात कृपेच्या या शिकवणीबद्दल जी अढी बसली ती पुढे फारशी सुटली नाही. म्हणजे गांधींना कृपा मान्य नव्हती असं मात्र नाही. मोहाच्या क्षणी देवानेच वाचवलं, हे त्यांनी स्वतःबद्दल पुन्हा पुन्हा लिहिलं आहे. पण आधी घाम, मग प्रसाद, असा त्यांचा क्रम होता.

तर सेगावातलं बोलणं. महादेवभाई देसाई तेव्हा वर्ध्याला मगनवाडीत राहत आणि रोज पायी सेगावला जात-येत. त्यांनी ते टिपलं आणि डिसेंबर १९३६च्या 'हरिजन'मध्ये छापून आलं. मॉट यांनी अस्पृश्यांचा विषय काढला. गांधी म्हणाले, अस्पृश्यांच्या मागे लागण्याची जी चढाओढ मिशनांनी सुरू केली आहे तिने मला दुःख होतं. मॉट म्हणाले, मग आम्ही त्यांची सेवा करायची नाही का? गांधी म्हणाले, जरूर करा, पण धर्मांतर ही त्या सेवेची किंमत करू नका. मॉट यांनी हे लगेच मानलं. कुणी ख्रिस्ती होवो न होवो, सेवा करायचीच. ख्रिस्ताने तरी कुठे कुणाला लालूच दाखवली, असं ते म्हणाले.

इथवर दोघांचं जमलं. खरं पाहता मॉट यांच्याच धर्मशास्त्राप्रमाणे ते जमायलाच हवं होतं. जे फुकट मिळालं ते विकता येत नाही. दवाखान्यातली गोळी, शाळेतली पाटी, दुष्काळातलं धान्य यांच्या बदल्यात कुणी देवाची कृपा देऊ लागला तर ती कृपा राहत नाही, सौदा होतो. महाराष्ट्रात हा प्रश्न आधीच झोंबून गेला होता. अहमदनगरकडे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून काम करत होतं, पण तिथल्या खेड्यांतून महार समाज मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाला तो १८७६-७७च्या दुष्काळानंतर. त्यांना भाकरीने ओढलं की शुभवर्तमानाने, यावर तेव्हापासून वाद आहे. मला हा वाद थोडा पोकळ वाटतो. ज्याला गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत त्याला भाकरी आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून कधी दिसल्या असतील?

मॉट यांनी मग मुद्द्याला हात घातला. चढाओढ वाईट, हे ठीक. पण ती बाजूला ठेवली तर ख्रिस्ती माणसाने शुभवर्तमान सांगायचं की नाही, आणि ऐकणाऱ्याने ते स्वीकारावं अशी आशा ठेवायची की नाही? यावर गांधींनी उलट विचारलं, तुम्ही गाईला शुभवर्तमान सांगाल का? आणि पुढे म्हणाले की अस्पृश्यांतल्या काहींची समज गाईहूनही कमी आहे, इस्लाम, हिंदू धर्म आणि ख्रिस्ती धर्म यांतलं तारतम्य त्यांना गाईइतकंही कळायचं नाही.

हे वाक्य छापून आलं आणि गहजब झाला. गांधींनी नंतर समर्थनही केलं. गाय ही त्यांच्या लेखी पूज्यच होती. समर्थन पटण्यासारखं नव्हतं. ते ज्या गावात बसून बोलत होते तिथली बहुतेक वस्ती अस्पृश्यांचीच होती. त्या झोपडीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसांना चांगला शेजारी कोण आणि वाईट कोण हे पुरतं ठाऊक होतं. धर्म-धर्मांतलं तारतम्य कळायला आणखी काय लागतं? गांधींचं सौद्यावरचं बोट अचूक होतं. पण देणाऱ्याला आवरताना त्यांनी घेणाऱ्याचं तोंडच बंद केलं, ही त्या दिवशीची चूक होती आणि ती लहान नव्हती.

आणि घेणारा काही गाफील नव्हता. सहा महिन्यांपूर्वी, मे १९३६च्या सुरुवातीला, खुद्द आंबेडकर वालचंद हिराचंदांबरोबर सेगावला येऊन गांधींना भेटून गेले होते. पुढे 'हरिजन'मधला हा संवादही त्यांनी बारकाईने वाचला. त्यांच्या कागदपत्रांतले अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरचे निबंध त्यांच्या मृत्यूनंतर सरकारने छापले. त्यात गांधी-मॉट संवादाची झडती घेतली आहे. धर्माची नीट परीक्षा करूनच माणूस धर्म बदलतो, हा आग्रह फक्त अस्पृश्यांपुरताच का, असा त्यांचा सवाल आहे. युरोपातले राजे बुडाले की त्यांच्या पाठोपाठ सगळी प्रजा बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडाली. तेव्हा कुणी तुलनात्मक धर्माचा अभ्यास केला होता?

पण आंबेडकरांनी मिशनांनाही सोडलं नाही, आणि तिथे ते थेट कृपेच्या शिकवणीला जाऊन भिडतात. अस्पृश्य माणूस ख्रिस्ती झाल्यावर त्याला काय शिकवतात? तू खाली पडलास तो तुझ्या पापामुळे. तुला खाली दाबणारी समाजरचना वाईट होती, ती मोडायला हवी, हे त्याला कुणी सांगत नाही. मग नव्या जन्माचा उपयोग काय? जात चर्चमध्येही जिवंत राहते आणि बाटलेला माणूस निवांत बसतो. कृपेच्या विरोधात मराठी मुलखातून याहून टोकदार आक्षेप आल्याचं मला ठाऊक नाही. प्रिटोरियातल्या गांधींना भीती होती की कृपेने माणूस पापाबाबत ढिला पडेल. आंबेडकरांना भीती होती की तो अन्यायाबाबत ढिला पडेल.

आणखी एक गोष्ट त्या झोपडीत बोलली गेली की नाही माहीत नाही, पण कायद्यात ती लिहिली गेली होती. ३० एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे गांधी सेगावात राहायला आले त्याच दिवशी, लंडनमध्ये अनुसूचित जातींचा आदेश निघाला. भारतीय ख्रिस्ती अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही, असं त्यात स्पष्ट होतं. बाप्तिस्मा घेतला की राखीव जागा गेली. फुकट देणगी घ्यायची तर पदरचं काही सोडावं लागणार होतं, ते असं.

वर्ध्याच्या आसपास मिशनांचा वावर मात्र जुना होता. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. आज त्यांचं नाव कॉलेजमुळे आठवतं. पोरांना शिकवता शिकवता त्यांनी या भागातले जीवाश्म गोळा केले, खडकांचे थर मांडले, गोंडांच्या कथा उतरवून घेतल्या. धर्मांतरं फार थोडी झाली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूर-वर्धा वाटेवरच्या टाकळघाटजवळची दगडी शिळावर्तुळं पाहायला ते मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासोबत गेले होते. संध्याकाळी बोरीकडे घोड्यावरून एकटेच निघाले आणि पुराच्या नाल्यात बुडून गेले. त्यांची टिपणं टेंपल यांनीच नंतर छापून काढली. विदर्भात मिशनऱ्याबद्दल जी एक अदब अजून जुन्या माणसांच्या बोलण्यात असते तिच्या मुळाशी हिस्लॉपसारखी माणसं आहेत, बाप्तिस्म्याचे आकडे नाहीत.

मिशनऱ्यांनी आणखी एका ठिकाणी या जिल्ह्याला लाजवलं, असं म्हटलं तरी चालेल. कुष्ठरोग्यांना हात लावायला कुणी तयार नव्हतं तेव्हा ते काम देशभर त्यांनीच उचललं होतं. १९३६ मध्येच, विनोबांच्या प्रेरणेने, मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. गांधींच्या 'रचनात्मक कार्यक्रमा'त याचा उल्लेख आहे: कुष्ठसेवा बहुतेक परदेशी मिशनरी करतात, निव्वळ प्रेमापोटी एका भारतीयाने चालवलेली संस्था म्हणजे वर्ध्याजवळची मनोहर दिवाणांची. आणि सेवाग्रामात परचुरेशास्त्री आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधींचे सोबती, अंगावर रोग फुललेला. आश्रमात लहान मुलं होती, बायका होत्या, लोकांच्या मनात धास्ती होती. गांधींनी आपल्या कुटीजवळच त्यांना झोपडी बांधून दिली आणि रोज स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला तेल चोळलं. चोळताना शास्त्रीबुवांशी संस्कृतावर बोलणं चाले. त्याचं छायाचित्र आजही सेवाग्रामात पाहायला मिळतं: बुटका म्हातारा वाकलेला आणि दुसरा म्हातारा पाठ देऊन बसलेला. शास्त्रीबुवांनी हे कमावलं नव्हतं. मिशनऱ्याने हे पाहून त्याला कृपाच म्हटलं असतं, आणि गांधींनी त्यावर वाद घातला असता.

वर्ध्यातले खरे ख्रिस्ती मात्र मगनवाडीत राहत होते. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा, तंजावरकडचे, कोलंबियात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ आणि हिशेबनीस. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत कुमारप्पांनी घाणी, हातकागद, मधमाश्या, गूळ यांचा संसार मांडला. त्यांचा ख्रिस्त दुकानदारीच्या विरुद्ध होता. बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंगात असताना त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक शाश्वत अर्थव्यवस्थेवर आणि एक येशूच्या आचरणावर. दोन्हींना प्रस्तावना गांधींची. दोन्ही एकाच माणसाने एकाच कोठडीत का लिहिली हे दुसरं वाचताना कळतं. येशूने सांगितलं ते करून दाखवायचं, नुसतं मानायचं नाही, हा कुमारप्पांचा हेका. कट्टर प्रॉटेस्टंटाला यात कर्मकांडाचा वास येईल, कारण यात कृपा मागच्या बाकावर बसते. तिकडे सेवाग्रामात जाफन्याचे तमिळ ख्रिस्ती आर्यनायकम् आणि त्यांच्या पत्नी आशादेवी नयी तालीम चालवत होते. राजकुमारी अमृत कौर गांधींच्या पत्रव्यवहाराचा डोंगर उपसत होत्या. त्यांचे वडील बाटून ख्रिस्ती झालेले कपूरथळ्याचे राजघराण्यातले गृहस्थ. सायंप्रार्थनेत आयझॅक वॉट्स यांचं वधस्तंभावरचं इंग्रजी स्तोत्र गायलं जाई, आणि ते गांधींचं आवडतं होतं. त्या स्तोत्राचा सारा विषय कृपेचा. आयुष्यभर कृपेशी वाद घालणाऱ्याला तेच गाणं का आवडावं, याचं उत्तर मी शोधायला जात नाही. पण वाद आणि आवड दोन्ही खरी होती.

पाहुणे येतच राहिले. १९३७च्या जानेवारीत म्हैसूरला वायएमसीएची जागतिक परिषद होती, अध्यक्ष मॉटच. तिला आलेले दोन कृष्णवर्णी अमेरिकन, बेंजामिन मेज आणि चॅनिंग टोबियस, वाट वाकडी करून वर्ध्याला आले आणि गांधींशी दीड तास बोलले. मेज बाप्टिस्ट धर्मोपदेशक. आई-बाप गुलामगिरीत जन्मलेले. याच प्रवासात म्हैसूरकडे अस्पृश्यांच्या एका शाळेत मुख्याध्यापकाने मुलांना त्यांची ओळख करून दिली ती अमेरिकेतला अस्पृश्य म्हणून. मेज यांना आधी राग आला, मग पटलं. हेच मेज पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचे गुरू झाले. मालकाने गुलामाला बायबल दिलं, आणि गुलामाच्या मुलाने त्यातून मालकाविरुद्धचं बळ काढलं. देणगी घेणारा तिचं काय करील हे देणाऱ्याच्या हातात राहत नाही. मेज यांचं आयुष्य याचा पुरावा आहे, आणि गाईची उपमा त्यांच्यासमोर ठेवून पाहा, ती उभी राहत नाही.

मॉट डिसेंबर १९३८ मध्ये पुन्हा सेगावात आले. आता मद्रासजवळ तांबरमला मिशनांची मोठी परिषद होती. हेंड्रिक क्रेमर यांचं पुस्तक तिच्यासाठीच लिहिलं गेलं होतं आणि त्याचा सूर असा की ख्रिस्तातली कृपा ही एकमेव, बाकीच्या धर्मांतून तिकडे वाट जात नाही. सेगावात मॉट यांनी वाद काढला नाही. त्यांनी गांधींना विचारलं, तुमच्या आयुष्यात तुम्हाला घडवणारे अनुभव कोणते? गांधींनी पीटरमारित्झबर्ग स्टेशनवरची ती थंडीची रात्र सांगितली. पैशाचाही विषय निघाला. गांधींचं म्हणणं, धर्मसंस्थेजवळ गरजेपेक्षा जास्त पैसा साचला की देवावरची तिची श्रद्धा आटते. हिंदुस्थानात पैशाची देवता आली आणि देव मागेच राहिला, अशी त्यांना शंका होती.

पुढची कथा पैशावरच आली, पण ती गांधींनंतर.

स्वातंत्र्यानंतर वर्धा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. आदिवासी भागांतल्या मिशनांच्या कामावरून तक्रारी वाढल्या तेव्हा एप्रिल १९५४ मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. समितीत ख्रिस्ती एकच, आणि ते वर्ध्याचे: एस. के. जॉर्ज, वाणिज्य महाविद्यालयातले प्राध्यापक. मूळचे केरळचे सिरियन ख्रिस्ती. कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात शिकवत असताना सविनय कायदेभंगाला त्यांनी पाठिंबा दिला आणि त्यापायी १९३२ साली नोकरी सोडली. १९३९ साली त्यांचं गांधी आणि ख्रिस्ती धर्म यांवरचं पुस्तक आलं, राधाकृष्णन यांच्या प्रस्तावनेसह. सत्याग्रह म्हणजे वधस्तंभच चालता-बोलता झालेला, हे त्यांचं मत. चर्चची मंडळी म्हणाली, हा कसला आमचा प्रतिनिधी? आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते खोटं नव्हतं. जॉर्ज यांच्यासारखा माणूस समितीत बसवून ख्रिस्ती बाजू ऐकली असं म्हणणं हे सरकारच्या सोयीचं होतं.

समिती १४ जिल्ह्यांत फिरली, ७७ ठिकाणी गेली, ११,३६० माणसांशी बोलली. प्रश्नावलीत ९९ प्रश्न. १९५६ साली अहवाल बाहेर आला. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवा, वैद्यकीय सेवेचा वापर धर्मांतरासाठी करायला कायद्याने बंदी करा, अशा त्याच्या शिफारसी. देशभर खळबळ उडाली. बारा वर्षांनी मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला त्यात प्रलोभनाची व्याख्या होती आणि रोख वा वस्तुरूपाने दिलेली भेट तीत बसत होती. वर्ध्याला तो लागला नाही, कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मुंबई राज्यात आला होता. अहवालाची भाषा वाचताना सेगावातलं ते बोलणं कानात येतं. सेवेची किंमत धर्मांतर नको, हे गांधींनी पाहुण्याला विनंती म्हणून सांगितलं होतं. वीस वर्षांत तेच फौजदारी कलमाच्या वाटेला लागलं. गांधींना हे आवडलं असतं का? मला शंका आहे. मिशनऱ्याच्या विवेकावर त्यांची भिस्त होती, पोलिसांवर नव्हती.

या सगळ्यात ज्यांच्यासाठी हा वाद चालला होता त्यांनी काय केलं? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, सेवाग्रामपासून जेमतेम ७५ किलोमीटरवर नागपुरात आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि लाखो लोकांना दीक्षा दिली. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या भागांतून माणसं गेली होती. गाठोड्यात भाकरी बांधून, अंगावर पांढरी वस्त्रं घालून. निवड करताना आंबेडकरांनी कृपेचा प्रश्न टाळला नाही, उलट त्यावरच कौल दिला. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते लिहितात की बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटलं, कृष्णाने देवच म्हटलं. बुद्धाने माणूस राहून वाट दाखवली, चालायचं ज्याचं त्याने. हजारो वर्षं दुसऱ्याच्या दयेवर जगायला लावलेल्या समाजाने देवाचीसुद्धा फुकट देणगी नको म्हटलं, आणि मला त्यात अहंकार दिसत नाही. सवलतींचा हिशोबही त्यांना ठाऊक होता. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना जागा मिळाली ती १९९० मध्ये, चौतीस वर्षांनी. दलित ख्रिस्त्यांना ती त्यांच्यासोबत मिळाली नाही.

वर्धा जिल्ह्यात आज ख्रिस्ती मूठभर आहेत आणि बौद्ध गावोगावी. मॉट यांचं स्वप्न इथे फळलं नाही आणि गांधींचीही इच्छा पुरी झाली नाही.

नागपुरातल्या त्या दीक्षा सोहळ्यात धम्म स्वीकारणाऱ्यांमध्ये उच्च न्यायालयाचे एक निवृत्त मुख्य न्यायाधीश होते. ते होते भवानीशंकर नियोगी. धर्मांतरांवरचा त्यांचा अहवाल त्याच वर्षी छापून झाला होता.